धुरी न दिलेली चिठ्ठी

९ मार्च

तीर्थरूप ताईंच्या सेवेशी,

आपल्या मातोश्री परवा सकाळी अकराच्या सुमारास शांतपणे गेल्या, हे कळवताना अतिशय दुःख होत आहे. शेवटपर्यंत शुद्ध होती, त्रास झाला नाही. त्यांनी आपली आठवण काढली. राज्याच्या कामातून आपल्याला सवड होणार नाही हे त्या जाणून होत्या आणि त्याबद्दल त्यांचा आपल्यावर मुळीच राग नव्हता. काकासाहेबांनी सगळी व्यवस्था गादीला शोभेल अशी केली.

त्यांच्या खोलीतलं सामान आवरण्याचं काम माझ्याकडे आहे. आपल्याला त्यातलं काही हवं असल्यास कळवावं. दोन्ही मुलींना आशीर्वाद सांगावेत.

आपली आज्ञाधारक
धाकटी बहीण


९ मार्च, दुपारी

हे दुसरं पत्र, आणि हे खरं.

सकाळचं पत्र तुझा लेखनिक फोडेल, मोठ्यानं वाचेल आणि तू रुमाल डोळ्यांना लावशील. त्याच्यासाठी ते तीर्थरूप आणि आज्ञाधारक वगैरे. बावीस वर्षं लिहिते आहे, तरी दर वेळी बोटं आखडतात. माझ्यापेक्षा चौदा महिन्यांनी लहान असलेल्या पोरीला तीर्थरूप म्हणायचं म्हणजे काय चेष्टा आहे!

हे पत्र घड्याळजींच्या हाती देते आहे. दर वर्षीप्रमाणे ते तुझ्या महालातली घड्याळं साफ करायला निघालेत. तुझ्या खोलीतल्या उभ्या घड्याळाच्या पोटात ठेवतील. मी म्हटलं, कुणाला कळलं तर? म्हणाले, "बाईसाहेब, घड्याळाच्या पोटात काय चाललंय ते फक्त घड्याळजीला कळतं. आणि घड्याळजीला ऐकू येत नाही." ठोक्यांनी त्यांचा एक कान गेलाय, दुसरा ते सोयीनं वापरतात.

आई शांतपणे गेली नाही. तीन दिवस तिला श्वास पुरत नव्हता. आणि शेवटच्या सकाळी तिनं माझा हात धरून तेच विचारलं, जे ती दर वर्ष-सहा महिन्यांनी विचारायची. "तुझ्याच मनासारखं केलं ना गं मी?" मी हात सोडवून घेतला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला वाटायचं, ही जखमेवर मीठ चोळते. आधी माझं सगळं काढून घेतलं आणि वर मलाच विचारते, मनासारखं झालं का. मी तिला बावीस वर्षांत एकदाही उत्तर दिलं नाही. जेवण भरवलं, अंग पुसलं, औषधं दिली, सगळं केलं. गोड मात्र एक शब्द बोलले नाही.

तुझा राग मी कधीच केला नाही, हे आज सांगून टाकते. तू चौदा वर्षांची होतीस. तुला गाडीत बसवलं, तू बसलीस. दाई सांगायची, तू इतकी रडत होतीस की तुला दोघींनी उचलून आत ठेवलं.

आणि एका अर्थी सगळं माझंच करणं होतं. आठवतं? मला देवी आल्या तेव्हा लग्न ठरून दोन महिने झाले होते. करारात लिहिलं होतं 'थोरली कन्या'. तिकडच्या राजाचा वकील चौकापलीकडच्या घरात दुर्बीण घेऊन बसलेला, आणि रोज चार वाजता थोरलीनं वरच्या खिडकीत उभं राहायचं, म्हणजे मुलगी धडधाकट आहे हे त्यानं बघायचं. गाय विकत घेणाराही रोज येऊन दात बघत नाही! मी अंथरुणाला खिळले. घाट बर्फानं बंद व्हायच्या आत गाडी निघायला हवी होती. आई-बाबा डोक्याला हात लावून बसले, तेव्हा दाराआडून मीच म्हणाले, "माझा निळा झगा धाकटीला घाला. एवढ्या लांबून त्याला काय कळतंय?"

तू माझ्याहून चार बोटं बुटकी, म्हणून बुटात बुचाचे तुकडे घातले. दाराला खाली मांजरासाठी भोक होतं. त्याच्या त्या बाजूला तू आणि या बाजूला मी, दोघी फरशीवर पालथ्या. मी तुला शिकवायचे, डावा हात कठड्यावर ठेव, मान जरा वर, रुमाल दोनदाच हलव. तू पहिल्या दिवशी पाच वेळा हलवलास आणि वकिलानं लिहून कळवलं म्हणे, की आज राजकन्या फार आनंदात आहे. हसून हसून माझ्या तोंडावरच्या फोडांतून रक्त आलं होतं.

मग अक्षर. नवऱ्या मुलाच्या आईला दर आठवड्याला माझ्या हातचं पत्र लागे. पण आजाऱ्याच्या खोलीतून निघणारा प्रत्येक कागद दाई आधी सुरीनं दोन ठिकाणी चिरायची आणि मग चिमट्यात धरून गंधकाची धुरी द्यायची, चिरांतून धूर आत शिरावा म्हणून. असा कागद वकिलानं पाहिला की संपलंच. म्हणून पत्रं तू लिहायची ठरली. मी नमुने करून पाठवायचे, तू गिरवायचीस. पंधरा दिवसांत माझी सही तू माझ्यापेक्षा बरी करायला लागलीस, खालच्या शेपटासकट. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी कौतुकानं म्हणाले होते.

बेचाळिसाव्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा तुला जाऊन दोन आठवडे झाले होते. मोलकरणीनं वाकून विचारलं, "धाकट्या बाईसाहेबांना पाणी आणू का?" मी मागे वळून पाहिलं, तू आलीस की काय म्हणून.

तर ते आईचं पाप. तुझं नाही. आता आई नाही, तेव्हा एकदा ये. कुणी नसताना मला एकदा ताई म्हण. बाकी मला काही नको.


२ एप्रिल

आईच्या बटणांच्या डब्यात तळाशी एक कागद सापडला. चौघडी घातलेला, कडा झिजलेल्या. ती तो वरचेवर काढून वाचत असणार. जसाच्या तसा उतरवते.

'आई, माझा चेहरा आता कुणाला दाखवण्यासारखा राहिलेला नाही. मी जाणार नाही. माझ्या जागी धाकटीलाच पाठव. याबद्दल मला कधी काही विचारू नकोस, मला सोसणार नाही.' तारीख १६ ऑक्टोबर. खाली माझी सही, शेपटासकट.

अक्षर माझंच आहे. इतकं माझं आहे की घटकाभर मला शंका आली, तापाच्या भरात मीच तर नाही ना लिहिलं? आपल्याच मनाची अशी झडती घ्यायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

मग मी कागद खिडकीशी नेला. बावीस वर्षांत सगळेच कागद पिवळे पडतात, रंगावरून काही कळत नाही. पण चिरा कुठे आहेत? माझ्या खोलीतून बाहेर पडलेल्या प्रत्येक चिटोऱ्यावर सुरीच्या दोन चिरा आहेत. तुझ्यासाठी केलेले अक्षराचे नमुने दाईनं जपून ठेवलेत, अठरा कागद, अठराही चिरलेले. हा एक तेवढा अखंड.

दाईला दाखवला. डोळ्यांनी फारसं दिसत नाही तिला आता, तिनं बोटं फिरवली, नाकाशी धरला. म्हणाली, "हा माझ्या हातून गेलेला नाही, पोरी. माझ्या हातून गेलेल्या कागदाला अजून गंधकाचा वास येतो."

"मग आईच्या हाती कुणी दिला?"

"धाकटीनं दिला असेल. तुझी चिठ्ठी आणायला तीच येत होती की दाराशी." मग कागद परत देत म्हणाली, "त्या दिवशी बाईसाहेब किती रडल्या! मला म्हणाल्या, माझी थोरली किती मोठ्या मनाची आहे बघ."

सोळा ऑक्टोबर मला चांगला आठवतो. आजाराचा एकविसावा दिवस. त्या दिवशी मी पहिल्यांदा उठून बसले, वाटीभर सूप प्याले आणि भोकातून तुझ्याकडे माझा कंगवा मागितला. तू म्हणालीस, "ताई, आता थोडेच दिवस." आणि चेहऱ्याचं म्हणशील, तर खोलीतले आरसे वैद्यांनी पहिल्याच दिवशी काढून नेले होते. माझा चेहरा कसा झालाय हे मला नोव्हेंबरात तांब्याच्या किटलीत दिसलं. सोळा तारखेला मला वाटत होतं की मी पूर्वीसारखीच आहे. माझा चेहरा दाखवण्यासारखा राहिलेला नाही, हे त्या दिवशी फक्त भोकातून आत बघणाऱ्या माणसाला ठाऊक होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तुला माझा हातच शिकवला.

आईनं चिरा नाहीत हे पाहिलं नसेल का? की पाहिलं आणि पाहायचं नाही असं ठरवलं? तिला विचारता येत नाही. 'मला कधी काही विचारू नकोस' असं लिहून तू तिचं तोंड बांधलंस. बिचारी आडून आडून विचारायची, मनासारखं केलं ना गं, आणि मी हात सोडवून घ्यायचे. तू माझी जागा घेतलीस, नाव घेतलंस, ते एक वेळ मी गिळीन. पण माझी आई तू माझ्यापासून घेतलीस. ती याच घरात, पलीकडच्या खोलीत होती आणि मला बावीस वर्षं मिळाली नाही.

आयत्या बिळावर नागोबा! गाडीत बसताना रडायचं तरी नव्हतंस.


१४ एप्रिल

तुझा घोडेस्वार आज सकाळी आला. माझ्या दोन पत्रांना तुझं एक उत्तर. चिठ्ठीबद्दल त्यात एकच वाक्य आहे, 'जुनं उगाळून आता काय मिळणार.' बरोबर आहे. ज्याला मिळायचं ते मिळालेलं असतं तो असंच म्हणतो.

बाकी पत्र कामाचं. तुझ्या थोरलीला देवी आल्यात. बाहेर कळता कामा नये. चाकरमाणसांवर भरवसा नाही, 'घरचं माणूस हवं, तोंड बंद ठेवणारं.' आणि तुला स्वतःला देवी कधी आलेल्या नाहीत, म्हणून तू खोलीत जाऊ शकत नाहीस. मला येऊन गेल्यात, त्या एकदा आल्या की पुन्हा येत नाहीत, म्हणून मी.

वाचून मी मोठ्यानं हसले. दाईला वाटलं, डोकं फिरलं. ज्या व्रणांमुळे मी कुणाला दाखवण्यासारखी नव्हते, तेच आता तुझ्या उपयोगी पडतायत.

मी 'नाही' लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्याही. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. शेवटी तू सहज लिहावं तसं लिहिलंयस, 'तिची सोयरीक ठरत आली आहे, पाहुण्यांचा माणूस इथेच उतरलाय. खिडकीची काळजी नको. धाकटी तिचा झगा घालून उभी राहते, छान जमतं तिला.'

धाकटी बारा वर्षांची ना तुझी? आणि थोरली चौदाची.

मी येते. तुझ्यासाठी नाही हे नीट समजून घे. तुझ्यासाठी मी उंबरठासुद्धा ओलांडला नसता. त्या आतल्या पोरीच्या उशाशी तिच्या बाजूचं एक तरी माणूस असावं म्हणून येते.

घड्याळजींची गाडी उद्या पुन्हा तुमच्याच दिशेनं निघते आहे, तिच्यातूनच येईन. तुझं पांढऱ्या घोड्यांचं लटांबर पाठवू नकोस.


२४ एप्रिल

आजारी खोलीतून

हे पत्र तुला दोन चिरा पडून, वास मारत मिळेल. आपल्या घरची रीत तू बरोबर नेलीस म्हणायची. दाराला भोकसुद्धा सुताराकडून पाडून घेतलंस.

पोरीचा ताप उतरला. फोडांवर खपल्या धरल्यात. खाजवू नये म्हणून तिच्या हातांना फडकी गुंडाळली होती, ती काल सोडली. पहिले चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी विचारलं, "मावशी, तू खरंच आईची धाकटी बहीण आहेस? आईपेक्षा म्हातारी दिसतेस." मी म्हटलं, "आजारानं माणूस पिकतं." तेवढ्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ही फसणारी नाही हे मी ओळखलं. माझ्यासारखीच आहे. तुला तिच्याकडे बघताना त्रास होत असेल.

तिनं आरसा मागितला. वैद्यांनी इथलेही आरसे काढून नेलेत. मी येताना माझा हातातला आणला होता, तो दिला. तू संतापशील, पण किटलीत दिसण्यापेक्षा आरशात दिसलेलं बरं. तिनं बराच वेळ पाहिलं. रडली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं आणि म्हणाली, "तू काही इतकी वाईट दिसत नाहीस. म्हणजे मीही नसेन." कौतुक करावं तर असं.

तुझ्या धाकटीच्या चिठ्ठ्या रोज आत येतात. कालची अशी होती, 'बुटात बुचं टोचतात. पाहुण्यांच्या माणसाकडे बघून हसावं लागतं, तो कुत्र्यासारखा दिसतो. लवकर बरी हो आणि तुझा झगा परत घे, काखेत काचतो.' मी ती दोनदा वाचली. तुझ्यासारखं तिच्यात काही सापडतं का म्हणून शोधत होते. नाही सापडलं.

आता काल सकाळचं. तू आलीस. सगळ्यांना घालवून दिलंस आणि दारापलीकडे फरशीवर पालथी झालीस. रेशमाची सळसळ ऐकू आली. मीही इकडून पालथी झाले. सदतिसाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात. पोर झोपली होती. भोकातून मला तुझी हनुवटी आणि अंगठ्या घातलेला हात दिसत होता.

तू म्हणालीस, "मला वाटलं होतं तू जगत नाहीस. वैद्य म्हणाले होते, दोन दिवसांची सोबतीण आहे."

मी म्हटलं, "ते नवव्या दिवशी म्हणाले होते. तू चिठ्ठी एकविसाव्या दिवशी लिहिलीस. त्याच दिवशी मी तुझ्याकडे कंगवा मागितला."

तू बोटातली अंगठी फिरवलीस. मग म्हणालीस, "आई थांबणार होती. वसंतापर्यंत गाडी पुढे ढकलायची, तिकडे खरं काय ते कळवायचं, असं तिनं बाबांकडून कबूल करून घेतलं होतं."

हे मला ठाऊक नव्हतं. आई थांबणार होती! माझ्यासाठी ती बाबांशी भांडली होती. तू हे सहज सांगून टाकलंस, आणि मी इकडे तोंडात पदर कोंबला, पोर उठू नये म्हणून.

पदर काढून मी विचारलं, "का केलंस?"

तू म्हणालीस, "जन्मापासून मला तुझे उतरलेले कपडे मिळाले, ताई. तुझे बूट, तुझं तट्टू, तुझी पाटी. त्या निळ्या झग्याला तुझा वास नव्हता, तू एकदाच घातला होतास. खिडकीत उभी राहिले की खाली लोक टोप्या काढायचे. मला वाटलं, एकदा तरी तुझं उतरायच्या आधी मला मिळू दे."

तू ताई म्हणालीस. तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. याच एका शब्दासाठी मी गेल्या महिन्यात तुझ्यापुढे हात पसरले होते. काल तो कानावर पडला आणि मला काहीच झालं नाही.

खरं बोललीस म्हणून मीही खरं सांगते. तू झगा मागितला असतास तर मी दिला असता का? नसता दिला. मी तुला कंगवासुद्धा कधी सुखासुखी दिला नाही. तट्टूवर तुला बसवलं की मी त्याला मुद्दाम टाच मारायचे. ते सगळं माझ्या पदरात घाल. पण त्याची शिक्षा मला द्यायची होतीस. आईला का दिलीस?

यावर तू उठून गेलीस.


९ मे

चिरंजीव धाकटीस,

दचकू नकोस. हे पत्र लेखनिकाच्या हाती पडलं तर पडू दे.

तुझी सकाळची चिठ्ठी मिळाली. चार ओळींची. 'तिच्याकडून लिहून घे की तिला जायचं नाही, आणि तिच्या जागी धाकटीला पाठवावं असं तिचंच म्हणणं आहे. पाहुण्यांचा माणूस सोमवारी परत निघतो. तू तिला समजावलंस तर तिला पटेल, तू त्यातून गेली आहेस. तिच्याच भल्याचं आहे.'

मी ही चिठ्ठी हातात घेऊन किती वेळ बसले सांगू? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे ऐकून होते. पण तू खोटी चिठ्ठी करायचे कष्टही या वेळी घेतले नाहीस. माझ्याकडूनच करवून घेणार होतीस. जिचा गळा कापला तिच्याच हाती सुरी देऊन म्हणतेस, आता तू काप, तुला माहीत आहे कसं कापतात.

एका गोष्टीचं मात्र बरं वाटलं. इतके दिवस मनाच्या एका कोपऱ्यात होतं, की चौदा वर्षांचं पोर होतं ते, भुललं. आज तू छत्तीस वर्षांची आहेस. आता तुझ्यासाठी सबब शोधायचं माझं काम संपलं.

तुझी चिठ्ठी मी पोरीपुढे ठेवली. मग आईच्या डब्यातली ठेवली. मग तिला सगळं सांगितलं, निळ्या झग्यापासून. ती दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून ऐकत राहिली. शेवटी विचारलं, "मावशी, तुला जायचं होतं का? त्या राजाकडे?"

मला हे बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. तो माणूस कसा आहे हेच ठाऊक नव्हतं. पण नाही म्हणायचं असतं तर ते माझ्या तोंडून निघायला हवं होतं."

ती म्हणाली, "कागद दे."

माझ्यासमोर लिहिलं. मी एक शब्द सांगितला नाही, अक्षराकडेसुद्धा पाहिलं नाही. तिची चिठ्ठी सोबत आहे, पण वाट बघवणार नाही तुला म्हणून इथेच सांगते. तिनं लिहिलंय, 'आई, मी अजून काहीच ठरवलेलं नाही. ठरवीन तेव्हा मी सांगेन, दुसरं कुणी सांगणार नाही. आज चार वाजता खिडकीत मीच उभी राहणार आहे. धाकटीला म्हणावं, बुचं काढून टाक.'

खपल्या सगळ्या पडल्यात. वैद्यांनी दाराबाहेरून सांगितलं, आजपासून खोली उघडायला हरकत नाही. तोंडावर जाळी घ्यायची का असं मी तिला विचारलं. म्हणाली, "तू घेतेस का?" मी म्हटलं, घ्यायचे. म्हणाली, "मग आज दोघींनी नको घ्यायला." पाहुण्यांच्या माणसाला दुर्बिणीतून काय दिसायचं ते दिसू दे. त्याला पटलं नाही तर तो जाईल, आणि तुझी लेक तिच्या स्वतःच्या नावानिशी तिच्या घरी राहील. तिची धाकटी तिला ताई म्हणत राहील. एवढंच मी राखायला आले होते.

या पाकिटात दोन चिठ्ठ्या आहेत. एक तुझ्या लेकीची, सुरीच्या दोन चिरा पडलेली, गंधकाचा वास येणारी. धुरी मीच दिली. दुसरी आईच्या डब्यातली, अखंड. ती मी आज तुला परत करते. तुझीच आहे, तू जपून ठेव. आईनं ठेवली तशी बटणांत ठेव आणि अधूनमधून काढून वाचत जा.

मी उद्या निघेन. माझ्या आईच्या खोलीत मला थोडे दिवस बसायचं आहे. तिला उत्तर द्यायचं राहिलंय.

आता पावणेचार झालेत. पोर केस विंचरते आहे, मी तिला माझा कंगवा दिला. निम्मे केस गळलेत, तरी भांग सरळ पाडायचा हट्ट आहे. तू अंगणात ये आणि वर बघ. दोघी दिसू. डावीकडची तुझी थोरली.

आणि तिच्या शेजारी उभी आहे ती,

तुझी ताई